ताकाला जाऊन भांडं लपवणारी ऑफिसं

२२ मे २०१० ची सकाळ. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवर उतरलं आणि थांबलंच नाही. धावपट्टी संपली, विमान दरीत गेलं. १६६ पैकी १५८ माणसं गेली. चौकशीत कॉकपिटमधलं रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा कळलं की प्रवासातला बराच वेळ कॅप्टन झोपलेले होते, टेपवर घोरणं ऐकू येत होतं. जागे झाल्यावर त्यांनी विमान उतरवायला घेतलं ते गरजेपेक्षा बरंच उंचावरून. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाच्या ते लक्षात आलं होतं. 'गो अराउंड', म्हणजे उतरू नका, पुन्हा वर घ्या, असं तो तीनदा म्हणाला. विमान उतरलंच.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० ला, कोझिकोडला तीच कंपनी, तसाच डोंगरावरचा विमानतळ. पावसात विमान धावपट्टीच्या निम्म्यावर जाऊन टेकलं. २१ जण गेले. चौकशी अहवालात इथेही तीच नोंद आहे: सहवैमानिकाने 'गो अराउंड' म्हटलं होतं, कॅप्टनने उतरणं चालू ठेवलं, आणि सहवैमानिकाने ताबा स्वतःकडे घेतला नाही.

असे अहवाल वाचले की आपण सगळे एकच प्रश्न विचारतो. बाजूच्याला दिसत होतं, मग त्याने थांबवलं का नाही? पूल कोसळला, बँक बुडाली, सॉफ्टवेअर पडलं, तरी मागाहून कोणीतरी हळूच सांगतं, "आम्हाला माहीत होतं हो." मग बोलला का नाहीत? या प्रश्नाचं सरळ उत्तर 'भित्रे होते' असं नाही. ते काय आहे हे विमानवाल्यांनी गेल्या पन्नास वर्षांत फार मोठी किंमत मोजून शोधलंय, आणि ते आपल्या तालुक्याच्या कचेरीला आणि हिंजवडीच्या काचेच्या इमारतीलाही जसंच्या तसं लागू पडतं.

आधी उतार समजून घेऊ

दोन माणसांच्या पदात जे अंतर असतं त्याला विमानवाले अधिकाराचा उतार म्हणतात. एवढी एकच परिभाषा लक्षात ठेवा, बाकी सगळं साध्या मराठीत.

घाटाचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. साहेब वर, आपण खाली. साहेबांचा शब्द खाली येताना घरंगळत येतो. काही कष्ट नाहीत, उलट वाटेत वेग घेतो. साहेब सहज म्हणाले "हे निळं बरं दिसलं असतं", की खाली पोचेपर्यंत अख्खी इमारत निळी झालेली असते. खालचा शब्द मात्र चढ चढून जातो. प्रत्येक वळणावर त्याचं वजन कमी होतं. "पिलरला तडा गेलाय" निघतो, पहिल्या वळणावर "पिलरमध्ये थोडी क्रॅक दिसतेय" होतो, दुसऱ्यावर "एकदा इन्स्पेक्शन केलं तर बरं", आणि साहेबांच्या टेबलावर पोचतो तेव्हा "साइटवर काम समाधानकारक, किरकोळ निरीक्षणे सोबत जोडली आहेत."

कोणीही खोटं बोललेलं नाही. प्रत्येकाने फक्त थोडं मऊ केलं.

उतार अजिबात नसणंही धोक्याचंच. चार माणसं समान अधिकाराने एकच स्टिअरिंग धरायला लागली तर गाडी कुठे जाईल हे सांगायला नको. सपाटी कोणालाच नकोय. प्रश्न आहे तो उतार किती उभा असावा, आणि चढणाऱ्याला धरायला कठडा आहे का, याचा.

टेनेरिफचं धुकं

विमान वाहतुकीच्या इतिहासातला सगळ्यात मोठा अपघात हवेत झालाच नाही. २७ मार्च १९७७ ला कॅनरी बेटांपैकी टेनेरिफवर, दाट धुक्यात, एकाच धावपट्टीवर दोन जम्बो जेट एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. धावत सुटलेलं विमान केएलएम या डच कंपनीचं, दुसरं पॅन अॅम या अमेरिकन कंपनीचं. केएलएमचे कॅप्टन याकोब व्हान झान्टेन म्हणजे कंपनीतलं बडं नाव: जम्बोच्या प्रशिक्षणाचे प्रमुख, जाहिरातीत ज्यांचा फोटो छापला जायचा असे. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाची जम्बोची परीक्षा या कॅप्टननीच दोनेक महिन्यांपूर्वी घेतली होती.

पुढचं मी सावकाश सांगतो, कारण सगळी गोम यात आहे. कॅप्टनने इंजिनं पुढे रेटली. सहवैमानिक म्हणाला, थांबा, आपल्याला अजून परवानगी नाही. कॅप्टन म्हणाले, माहितेय मला, विचार की. त्याने विचारलं. कंट्रोल टॉवरने उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला. उड्डाणाची परवानगी दिली नव्हती. तो हे रेडिओवर परत वाचून दाखवत असतानाच कॅप्टनने विमान उड्डाणासाठी पळवायला घेतलं. या दुसऱ्या वेळी सहवैमानिक काही बोलला नाही.

मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने मात्र विचारलं, तो पॅन अॅमवाला बाजूला झाला नाही का? कॅप्टन ठासून म्हणाले, झालाय की. पॅन अॅमचं विमान अजून धावपट्टीवरच होतं. काही सेकंदांत सगळं संपलं.

त्या दिवशी रेडिओवर दोन संदेश एकमेकांवर आदळून ऐकूच आले नाहीत, धुकं होतं, वैमानिकांची ड्यूटीची वेळ संपत आलेली. अपघाताला एक कारण कधीच नसतं. पण पहिली आणि दुसरी वेळ यांच्यातला फरक मला सोडत नाही. सहवैमानिक भित्रा नव्हता. अर्ध्या मिनिटापूर्वी त्याने जगप्रसिद्ध कॅप्टनला टोकलं होतं, आणि तो बरोबर होता. फक्त 'माहितेय मला' ऐकून झालं होतं. मला वाटतं कनिष्ठाकडे टोकण्याचा एक कोटा असतो. एकदा वापरला की लगेच पुन्हा वापरायला हात धजावत नाही, आणि पहिल्या टोकण्याला उत्तर कसं मिळालं यावर उरलेला कोटा ठरतो.

ताकाला जाऊन भांडं लपवणं

पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ ला, अमेरिकेतल्या पोर्टलंडवर युनायटेड एअरलाइन्सचं विमान सुमारे तासभर घिरट्या घालत राहिलं. चाकांत बिघाड असेल या शंकेत कॅप्टन गढून गेले होते. फ्लाइट इंजिनिअर इंधनाचे आकडे सांगत होता. पण 'आपण आता पडणार आहोत' असं तो म्हणाला नाही. आकडे सांगितले की कॅप्टन समजतील अशी त्याची अपेक्षा. इंधन संपलं, विमान वस्तीत पडलं, दहा जण गेले.

याला आपल्याकडे केव्हापासून म्हण आहे. ताक मागायला जायचं आणि भांडं पदराआड ठेवायचं. समोरच्याने आपणहून ओळखावं, म्हणजे मागितल्याचा कमीपणाही नको.

माझ्या एका जुन्या नोकरीत शुक्रवारी संध्याकाळी एक सॉफ्टवेअर ग्राहकाकडे जायचं होतं. टेस्टिंगला असलेल्या मुलीला दुपारी तीनला कळलं की एका ठराविक क्रमाने बटणं दाबली तर बिलात रक्कम दोनदा लागतेय. तिने मॅनेजरला मेल टाकली. ती मेल मी नंतर वाचली: "सर, एक छोटंसं ऑब्झर्वेशन आहे. कदाचित माझ्याच सेटअपचा प्रॉब्लेम असेल. वेळ मिळाल्यास एकदा बघून घ्यावे ही विनंती." खाली स्क्रीनशॉट. सरांना वेळ मिळाला नाही. सोमवारी ग्राहकाच्या शंभरेक गिऱ्हाइकांची बिलं दुप्पट गेली होती. बैठकीत सर म्हणाले, "मला कोणी सांगितलंच नाही." ती म्हणाली, "सर, मेल केली होती." दोघंही खरं बोलत होते.

तिच्या मेलमध्ये 'रक्कम दोनदा लागतेय, आज पाठवू नका' हे सहा शब्द कुठेच नव्हते.

गप्प बसण्याचं गणित

तिने ते का लिहिले नाहीत? आदल्याच महिन्यात तिच्या शेजारच्या मुलाने असंच थांबवलं होतं, त्याची शंका चुकीची निघाली, आणि 'रिलीज अडवणारा' हे नाव त्याला चिकटलं. अप्रेझलला तीन आठवडे होते. घराचा हप्ता होता.

बोलणाऱ्याचा आणि गप्प बसणाऱ्याचा हिशेब मांडून बघा. बोललात आणि चुकलात, तर तोटा लगेच आणि फक्त तुमचा. बोललात आणि बरोबर निघालात, तर फायदा कंपनीचा, तोही न दिसणारा, कारण जो अपघात झालाच नाही त्याचे हार कोण घालणार? गप्प बसलात आणि सगळं नीट झालं, तर काहीच नाही. गप्प बसलात आणि बिघडलं, तर दोष वाटला जातो, दहा जणांत, आणि शेवटी तो सरांच्या नावावर लागतो. कुठलाही शहाणा माणूस गप्पच बसेल. 'साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये' हे आपल्या आजोबांनी काही भित्रेपणातून सांगितलेलं नाही. ते अनुभवाने काढलेलं उत्तर आहे.

म्हणून विश्वास म्हणजे एकमेकांना आवडणं, सहल काढणं, वाढदिवसाला केक कापणं, असं मला वाटत नाही. कर्मचाऱ्याचा साहेबावरचा विश्वास म्हणजे एक अंदाज: मी वाईट बातमी आणली तर मला त्याची किती किंमत मोजावी लागेल? हा अंदाज तो साहेबाच्या भाषणावरून बांधत नाही, मागच्या वेळी जो बोलला त्याचं काय झालं यावरून बांधतो.

"पण माझं दार तर सगळ्यांना उघडं आहे"

बहुतेक साहेब हे मनापासून म्हणतात. अडचण अशी की दार उघडं ठेवणाऱ्याला बसूनच राहायचंय. चढ पुन्हा दुसऱ्यानेच चढायचाय, तोही सगळ्यांच्या देखत, कारण केबिन काचेची असते. "काय रे, आत कशाला गेला होतास?" हे बाहेर आल्यावर विचारणारे चार जण असतातच.

हल्लीच्या कंपन्यांत 'सर म्हणायचं नाही, नावाने हाक मारा' असा दंडक असतो. चांगलंय. पण पगारवाढ ज्याच्या हातात त्याला तुम्ही मंगेश म्हणा नाहीतर माननीय, उतार तेवढाच राहतो. उलट सरकारी कचेरीत 'साहेब, साहेब' करत, अर्धं वाकून, "नाही साहेब, यावर सही करू नका, ऑडिटला अडकाल" असं तोंडावर सांगणारे हेडक्लार्क मी पाहिलेत. संबोधनात काही नसतं.

शस्त्रक्रियेच्या खोलीतला एक उपाय मात्र बघण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक तपासयादी आणली. कापण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं, हा त्यातला एक मुद्दा. ऐकायला शाळेतल्या हजेरीसारखं वाटतं. पण एकदा तोंड उघडून नाव सांगितलेली नर्स पुढे "डॉक्टर, एक स्पंज कमी भरतोय" म्हणण्याची शक्यता वाढते. आठ शहरांतल्या रुग्णालयांत, त्यात दिल्लीही होती, ही यादी वापरून पाहिली तेव्हा मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. श्रेय एकट्या नाव सांगण्याचं नाही, पूर्ण यादीचं आहे. पण तोंड उघडण्याची पाळी नियमानेच आणली, तर धाडस लागत नाही.

जिथे जास्त चुका, तिथे जास्त चांगलं?

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदीच्या दशकात रुग्णालयांत औषधं देण्यातल्या चुका मोजल्या. जिथली टीम चांगली तिथे चुका कमी, असं दिसेल ही त्यांची अटकळ. आकडे उलटे आले: चांगल्या टीममध्ये चुका जास्त! शोध घेतल्यावर उलगडा झाला. चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जास्त जात होत्या. वाईट टीम स्वच्छ दिसत होती, कारण तिथे सगळं गालिच्याखाली होतं.

आपल्याला हे कळायला कठीण जाऊ नये. ज्या पोलीस ठाण्यात तक्रारच लिहून घेत नाहीत, तिथले गुन्हे वर्षअखेरीला कमी भरतात. पुण्याच्या आयटीवाल्यांत अशा अहवालांना कलिंगड म्हणतात. बाहेरून हिरवंगार, कापलं की लाल.

"मग साहेब कशाला हवा?"

लोकशाहीने विमान चालत नाही, असा आक्षेप हमखास येतो. बरोबर आहे. पोर्टलंडनंतर १९७९ मध्ये नासाने यावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ पासून युनायटेडने वैमानिकांना नव्याने शिकवायला घेतलं: कनिष्ठाने कसं बोलायचं आणि, जास्त महत्त्वाचं, कॅप्टनने कसं ऐकायचं. तेव्हा जुन्या कॅप्टनांचं म्हणणं हेच होतं.

१९ जुलै १९८९ ला त्याच कंपनीच्या विमानाचं शेपटीतलं इंजिन हवेत फुटलं आणि विमान वळवण्याची सगळी यंत्रणा बंद पडली. अशा वेळी काय करायचं हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. कॅप्टन अल हेन्स यांनी सहकाऱ्यांना विचारत विचारत विमान आणलं. प्रवाशांत बसलेला एक प्रशिक्षक वैमानिक मदतीला आला, तर त्याच्या हातात इंजिनांच्या दांड्या दिल्या. सू सिटीच्या धावपट्टीवर विमान मोडलं. २९६ पैकी ११२ गेले, पण १८४ वाचले, जे खरं तर अशक्य होतं. हेन्स पुढे आयुष्यभर श्रेय त्या प्रशिक्षणाला देत राहिले. आणि सगळा वेळ कॅप्टन तेच होते, याबद्दल कॉकपिटमध्ये कोणालाही शंका नव्हती.

आणखी जवळचं उदाहरण हवं तर लाल एसटी. गाडी ड्रायव्हर चालवतो, कंडक्टर कधी स्टिअरिंगला हात लावत नाही. पण त्याच्या डोक्यावरून एक दोरी जाते. एक टण, गाडी थांबते. दोन टण, निघते. "मास्तर, आपल्याला योग्य वाटल्यास थांबण्याचा विचार व्हावा" असं कंडक्टरला म्हणावं लागत नाही, आणि टण झाल्यावर ड्रायव्हर "कशाला?" म्हणून वाद घालत नाही. आधी थांबतो. कोणाचंही पद कमी झालेलं नाही. दोरी आहे, एवढंच.

"आपली माणसंच तशी"

डच संशोधक गेर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांची पाहणी करून वरिष्ठ-कनिष्ठातलं अंतर लोक किती मान्य करतात याचे आकडे काढले. भारत ७७, नेदरलँड्स ३८. झालं, आपल्या रक्तातच आहे, असं म्हणून लोक फाइल बंद करतात. पण टेनेरिफला धावत सुटलेलं विमान कोणाचं होतं? त्याच ३८ वाल्यांचं, तोंडावर बोलण्याबद्दल जगभर ओळखल्या जाणाऱ्या डचांचं. उलट कोरियन एअर बघा. १९९७ मध्ये गुआमला त्यांचं विमान डोंगरावर आदळून २२८ जण गेले. कॅप्टनची चूक होत असताना बाकी दोघांनी नीट टोकलं नाही, असं चौकशीत निघालं. २००० मध्ये त्यांनी अमेरिकेतून अनुभवी माणूस आणून प्रशिक्षण मुळापासून बदललं. १९९९ नंतर त्या कंपनीच्या अपघातात जीव गेलेला नाही. माणसं कोरियनच राहिली.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटची गोष्ट याहून बोलकी. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना इतका वाईट की १९८२ मध्ये बंद केला. तिथे काहीही होवो, लाइन थांबवायची नाही. १९८४ मध्ये टोयोटाने जीएमबरोबर भागीदारीत तोच कारखाना उघडला, बहुतेक जुन्याच कामगारांना आणि त्याच युनियनला घेऊन. फक्त प्रत्येकाच्या डोक्यावर एक दोरी आली. काही खटकलं की ओढायची. टीमचा म्होरक्या धावत येणार. ठरलेल्या वेळात सुटलं नाही तर लाइन थांबणार. दोनेक वर्षांत त्या कारखान्याच्या गाड्या जीएमच्या उत्तम कारखान्यांच्या पंक्तीला बसल्या. 'कामचुकार' म्हणून हेटाळलेली माणसं तीच होती.

आणि दोरी ओढणाऱ्याला पहिल्याच दिवशी कोणी खेकसलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून ती नुसती लोंबत राहिली असती.

"सगळं माफ केलं तर माज चढेल"

सगळं माफ करायचंच नाही. १९७६ पासून नासा अमेरिकन वैमानिकांच्या चुकांचे कबुलीजबाब गोळा करते. दहा दिवसांत स्वतःहून लिहून कळवलंत, मुद्दाम केलेलं नसेल, गुन्हा किंवा अपघात नसेल, तर दंड नाही. नावही काढून टाकलं जातं. दारू पिऊन आलेल्याला यात जागा नाही. चुकून पाय घसरणं आणि मुद्दाम पाय घालणं यातला फरक आपल्याला गल्लीतल्या क्रिकेटमध्येही कळतो, ऑफिसातच का विसरतो कोण जाणे.

खालच्याने काय करायचं?

त्याच्यावरही जबाबदारी आहे. कोझिकोडच्या अहवालाने ती स्पष्ट टाकली. म्हणून वैमानिकांना टोकण्याच्या पायऱ्या शिकवतात. आधी प्रश्न: "आपण उंच नाही का?" मग सरळ माहिती: "आपण उंच आहोत." मग मागणी: "उतरू नका, वर घ्या." आणि तरीही नाही तर हात: "ताबा माझ्याकडे." टेबलावर काम करणाऱ्याला चौथी पायरी सहसा मिळत नाही. पण बहुतेकांची गाडी पहिलीवरच अडते. निदान तिसरीपर्यंत जायचं, कर्त्याला क्रियापद जोडून, 'कदाचित' आणि 'छोटंसं' वगळून.

त्या टेस्टिंगवाल्या मुलीच्या टीमला पुढे नवीन मॅनेजर आल्या. दर सोमवारी प्रत्येक कामापुढे हिरवा, पिवळा, लाल असा रकाना भरायचा असायचा. वर्षभर सगळे हिरवे. पहिल्याच बैठकीत बाईंनी सर्वांत नवख्यापासून सुरुवात केली आणि विचारलं, "या आठवड्यात काय फसू शकतं?" शांतता. तिसऱ्या सोमवारी हिने एक रकाना लाल केला. खोलीतले सगळे बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते, रकान्याकडे कोणीच नाही. बाई म्हणाल्या, "बरं झालं आज कळलं. काय हवंय तुला?" तिला दोन दिवस आणि एक माणूस हवा होता. मिळाला.

पुढच्या सोमवारी चार रकाने लाल होते. दुपारी वरच्या मजल्यावरून बाईंना फोन आला: तुमच्या टीमला अचानक झालंय काय?